‘मॅक्बेथ’ची मुंबईस बदली

आमच्या घरीं रात्रीचीं जेवणें आटोपलीं म्हणजे ओटीवर जी बैठक जमते, तींत वादाला विषय मिळाला नाहीं असें सहसा होत नाहीं. गेल्या सुटींत तो विषय आमच्या धाकट्या बंधूंच्या मुलानें पुरविला. हा पुण्यास कॉलेजांत शिकतो. तो म्हणाला, “काका, लहानपणीं तुम्ही आम्हां मुलांना शिरवाडकरांच्या ‘राजमुकुटा’ची गोष्ट सांगत होतां. तीच गोष्ट एका हिंदी बोलपटांत आहे. आज सगळे मिळून पाहूं या का?” आम्हीं विचारलें, “राजेरजवाड्यांचा खेळ आहे काय?” तो म्हणाला, “नाहीं. मुंबईच्या गुंडांचा आहे.” हें ऐकतांच आमच्या वहिनींनीं हातांतली वात खालीं ठेविली व म्हणाल्या, “अहो भावोजी, देवाधर्माच्या घरांत खुनाखुनी ती कसली पाहायची?”

वहिनींची शंका रास्त होती. आम्हीही बसलों तें नाक मुरडूनच. परंतु पाहून उठलों तेव्हां आमची झोंप उडाली होती, व ती कां उडाली हें सांगण्यासाठींच या महिन्याचा हा लेख आहे.

परक्या शोकांतिकेला आपल्या देशचीं वस्त्रें नेसविण्याचा उद्योग आपल्याकडे नवा नव्हे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनीं १८६७ सालीं ‘ऑथेल्लो’ मराठींत आणलें. आगरकरांनीं १८८३ मध्यें ‘हॅम्लेट’चें ‘विकारविलसित’ केलें. देवलांनीं १८९० मध्यें ‘ऑथेल्लो’चा ‘झुंजारराव’ केला, आणि शिवराम महादेव परांजपे यांनीं ‘मॅक्बेथ’चा ‘मानाजीराव’. यांत दोन वाटा दिसतात. एका वाटेनें कवीचे शब्द आणावयाचे. दुसरीनें शब्द तेथेंच ठेवून माणूस आणावयाचा, आणि तो इकडे जन्मला असता तर कसा वागला असता तें दाखवावयाचें. पहिलीस पांडित्य पुरतें. दुसरीस पांडित्य हवेंच, शिवाय आपला समाज आंतून ठाऊक असावा लागतो.

विशाल भारद्वाज यांचा ‘मक्बूल’ हा दुसऱ्या वाटेचा प्रवासी आहे. तो २००३ सालीं टोरांटोच्या महोत्सवांत दाखविला गेला व जानेवारी २००४ मध्यें आपल्याकडील थिएटरांत आला. त्याच दिग्दर्शकानें पुढें ‘ऑथेल्लो’वरून ‘ओंकारा’ २००६ सालीं व ‘हॅम्लेट’वरून ‘हैदर’ २०१४ सालीं काढला. तिहींतही गुन्हा आहे, पिस्तुलें आहेत. परंतु मूळ नाटकांत तरी दुसरें काय आहे? शेक्सपियरनें १६०६ च्या सुमारास लिहिलेलें ‘मॅक्बेथ’ म्हणजे एका खुनाची व त्यामागून येणाऱ्या खुनांचीच कथा. शूर सरदार मॅक्बेथ याला तीन चेटकिणी सांगतात कीं, तूं राजा होशील. बायको त्याला चेतविते. तो आपल्या घरीं पाहुणा म्हणून आलेल्या वृद्ध डंकन राजाला झोंपेंत मारतो, आणि पुढें स्वतःची झोंप कायमची घालवून बसतो.

आतां या कथेची मुंबईस बदली करावयाची म्हणजे काय काय बदलावें लागतें तें पाहण्यासारखें आहे. चेटकिणींच्या जागीं येथें दोन पोलीस अंमलदार आहेत, ओम पुरी व नसिरुद्दीन शहा. एकाचें नांव पंडित, दुसऱ्याचें पुरोहित! तो पंडित कुंडल्या मांडतो व भविष्य सांगतो. आमच्यासारख्या पंचांगवाल्या घराला हें पाहून हंसूं येतें, आणि मागून जरा बोचतेंही. कारण हे दोघे नुसतें भविष्य सांगत नाहींत. तें खरें व्हावें म्हणून हळूच हातही लावतात. ज्यांनीं कायदा राखावयाचा तेच येथें नियती होऊन बसले आहेत.

मूळ नाटकांत अरण्य चालून येईल तेव्हां मॅक्बेथचा नाश होईल असें भाकीत आहे. मुंबईंत अरण्य कोठून आणावें? म्हणून येथें समुद्र घरीं येईल तेव्हां असें भाकीत केलें आहे. ज्या समुद्रानें चोरट्या मालाचें वैभव दिलें, तोच सरकारी अंमलदारांच्या रूपानें शेवटीं दार ठोठावतो. एका शब्दाच्या बदलांत साऱ्या धंद्याचें चित्र उभें राहिलें. याला आम्ही रूपांतर म्हणतों. शब्दकोश उघडून अरण्याला दुसरें नांव देणें हें रूपांतर नव्हे.

परंतु सर्वांत मोठा बदल निराळाच आहे. डंकन हा सज्जन राजा. त्याला मारणें हें पाप आहे हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. येथें त्या जागीं पंकज कपूर यांचा ‘अब्बाजी’ आहे, आणि तो स्वतःच गुंडांचा नायक आहे. शेंकडों घरें त्यानें उध्वस्त केलीं असतील. मग मक्बूलनें, म्हणजे इरफान खान यांनीं रंगविलेल्या त्याच्या हस्तकानें, त्याला मारलें तर बिघडलें काय? चोरानें चोरास मारलें! आमचा पुतण्या हाच मुद्दा घेऊन बसला होता. “काका, येथें पाप शिल्लकच राहत नाहीं. मग शोकांतिका कशाची?”

याचें उत्तर देतांना आम्हांला आमच्याच गांवचा किल्ला आठवला. ज्या नगराचें नांव २०२४ पासून अहिल्यानगर झालें आहे, तेथील हा निजामशाही किल्ला आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिला असेल. १५८८ मध्यें येथला मुर्तझा निजामशहा हमामखान्यांत कोंडून मारला गेला. मारविणारा कोण? त्याचाच पुत्र मीरान हुसेन. इतिहासकार फरिश्ता त्या काळीं नगरांतच चाकरीस होता. आतां हा मुर्तझा कांहीं डंकन नव्हे. लोक त्याला ‘दिवाणा’ म्हणत, आणि मुलाला जाळून मारण्याचा प्रयत्न त्यानेंच आधीं केलेला होता. म्हणजे मुलाजवळ सबब भरपूर होती. पण पुढें काय झालें? मीराननें वर्षभरसुद्धां राज्य केलें नाहीं. ज्या मिर्झाखानानें त्याला गादीवर बसविलें, त्यानेंच १५८९ मध्यें त्याचें डोकें उडवून किल्ल्यावर लटकाविलें. बाप दुष्ट होता म्हणून इतिहासानें मुलाला क्षमा केली नाहीं. त्याच्या नांवापुढें पितृहत्याच लिहिली गेली.

आम्हीं पुतण्याला सांगितलें, “बाबा रे, मारला गेलेला किती वाईट होता यावर मारणाराचें पाप मोजीत नाहींत. अब्बाजी जगाचा गुन्हेगार असेल, पण मक्बूलला त्यानें मुलासारखें वाढविलें. त्याच्या घरीं तो जेवला. मक्बूलचा गुन्हा कायद्याच्या पुस्तकांत खून म्हणून असेल; आपल्या भाषेंत तो कृतघ्नपणा आहे.” महापातकांनाही प्रायश्चित्त सांगणाऱ्या आपल्या परंपरेनें कृतघ्नाची सुटका मात्र सांगितलेली नाहीं. स्कॉटलंडांत पातक होतें राजद्रोहाचें; मुंबईंत तें अन्नद्रोहाचें झालें. भारतीय प्रेक्षकाच्या काळजाला दुसरें पहिल्याहून लवकर भिडतें, हें रूपांतरकारानें ओळखलें.

वहिनींच्या आक्षेपाकडेही वळलें पाहिजे. नाट्यशास्त्रानें रंगभूमीवर वध दाखवूं नये असें सांगितलें आहे. भासाच्या ‘ऊरुभंगा’सारखे अपवाद थोडे. गंमत अशी कीं, डंकनचा खून शेक्सपियरही पडद्याआडच करवितो. प्रेक्षकांस दिसतात ते रक्ताळलेले हात. बोलपटानें तो पडदा दूर केला आहे. अब्बाजीची रखेल निम्मी, म्हणजे तब्बू, त्याच्या शेजारीं असतांना गोळी सुटते व रक्त तिच्या तोंडावर उडतें. त्या क्षणीं वहिनी उठून आंत गेल्या, आणि त्यांचें कांहीं चुकलें असें आम्ही म्हणणार नाहीं. लहान मुलांस हा खेळ दाखवूं नये. परंतु त्यानंतर ती निम्मी नसलेले डाग पुसूं लागते, तेव्हां वहिनी दाराआडून पाहत होत्या, हेंही आम्हीं पाहिलें. खून दाखविणारे बोलपट पुष्कळ आहेत. खुनानंतरची रात्र दाखविणारे थोडे.

शेवट तर मुळाहून निराळा केला आहे. मॅक्बेथ तलवार हातांत असतांनाच मरतो. मक्बूल निम्मीच्या मृत्यूनंतर इस्पितळांत आपलें तान्हें मूल पाहावयास जातो. तें त्याला दिसतें शत्रुपक्षाच्या मुलीच्या हातांत, सुखरूप व मायेनें धरलेलें. तो पिस्तूल टाकून देतो, मुकाट्यानें बाहेर येतो व मारला जातो. त्याला कोणी जिंकलें नाहीं. आपल्याला जें जमलें नाहीं तें दुसऱ्याला जमतांना त्यानें पाहिलें. त्या क्षणीं आम्हांस त्याची कींव आली, आणि त्याबरोबर स्वतःची भीतिही वाटली.

येथवर आलों म्हणजे वाचकांपासून एक गोष्ट लपविणें अप्रामाणिकपणाचें होईल. वीसएक वर्षांपूर्वीं आम्ही ज्या शाळेंत होतों तेथील मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली. हक्क आमच्या एका वडील सहकाऱ्यांचा. आम्ही नवखे असतांना वर्ग कसा सांभाळावा हें त्यांनींच आम्हांला शिकविलें होतें. कित्येक दुपारीं त्यांच्या डब्यांत आमचा वांटा असे. अशांत कुजबूज उठली कीं, स्नेहसंमेलनाच्या वर्गणींत त्यांनीं हात मारला. ती खोटी होती हें आम्हांस पक्कें ठाऊक होतें; कारण त्या हिशेबाची कच्ची वही आमच्याच हस्ताक्षरांत होती व पैन् पैचा मेळ बसलेला होता. निवडीला आठ दिवस होते. त्या आठ दिवसांत आम्हांस कोणी विचारलें नाहीं, आणि आपण होऊन आम्हींही सांगितलें नाहीं. जागा आम्हांस मिळाली. आम्हीं कोणास मारलें नाहीं, खोटें बोललों नाहीं. फक्त गप्प बसलों. इतकी वर्षें या ‘फक्त’ शब्दावर आम्ही सुखानें निजत होतों.

त्या रात्रीं ओटीवर फेऱ्या घालीत असतां आमच्या सौभाग्यवती उठून आल्या व म्हणाल्या, “अहो, ती वहीच आठवली ना? माळ्यावरच्या पेटींत मी ती त्याच वर्षीं पाहिली होती. तुम्ही कधीं तरी बोलाल म्हणून वाट पाहत होतें.” आम्हांस उत्तर सुचलें नाहीं.

मुलांनीं गुंडांचे बोलपट पाहिले तर तीं बिघडतील, ही चिंता घरोघर आहे, व अशा बऱ्याच बोलपटांच्या बाबतींत ती खरीही आहे. परंतु ज्या बोलपटांत मूळ शोकांतिकेचा प्राण उतरला आहे, तो जाणत्या मुलांसमवेत वडिलांनींच बसून पाहावा, असा आमचा अभिप्राय झाला आहे. त्यांत मुलांहून वडिलांनाच अधिक शिकण्यासारखें असण्याचा संभव आहे.

ते सहकारी आतां नेवाशास मुलाजवळ असतात. ऐशीं ओलांडली आहे, दृष्टि मंद झाली आहे असें ऐकतों. त्यांस पत्र टाकलें आहे. येत्या रविवारीं ती वही घेऊन आम्ही जाणार आहों, आणि पुतण्याही बरोबर येतों म्हणाला आहे. वहींतले आंकडे त्यांना वाचून दाखवावे लागतील. त्यांच्या मुलासमोरच ते वाचावे असें आम्हीं ठरविलें आहे.