डोळ्यांचा डॉक्टर कोण?

दिवाळीचे कापड घ्यावयाचे झाले तर सुलतान बाजारातील चार दुकाने पालथी घातल्याखेरीज आमच्या वडीलमंडळींचे समाधान होत नाही. डोळे मात्र आम्ही पहिल्याच चष्मेवाल्याच्या स्वाधीन करतो. डॉक्टर आठवतो तो फार तर डोळा लाल झाल्यावर.

ह्यात चष्मेवाल्याचा दोष नाही. काच नेमकी घासून चौकटीत बसविणे ही स्वतंत्र विद्या आहे. परंतु नंबर काढणे म्हणजे डोळा तपासणे नव्हे. 1862 साली हॉलंडमधील डॉ. स्नेलन यांनी सिद्ध केलेला उतरत्या अक्षरांचा तक्ता वाचता आला, म्हणजे समोरचे स्पष्ट दिसते, इतकेच ठरते. काचबिंदूत समोरची दृष्टी पुष्कळदा शेवटपर्यंत टिकते. दृष्टीच्या कडा तेवढ्या झिजत येतात, बहुधा दुखत नाही, आणि गेलेली दृष्टी कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. तक्ता घडाघडा वाचणाऱ्या आजोबांचाही डोळ्यातील दाब मोजावा लागतो, थेंब घालून आतला भाग पाहावा लागतो, तो ह्यासाठी. मधुमेह असणाऱ्यांनी तर वर्षाकाठी पडदा तपासून घेतलाच पाहिजे.

मुलांची गोष्ट याहून नाजूक आहे. एक डोळा तिरळा वा मोठ्या नंबराचा असला, की मेंदू त्याच्याकडून येणारे चित्र हळूहळू सोडून देतो. चांगला डोळा पट्टीने झाकून मंद डोळ्यास कामाला लावणे हा त्यावरील जुना इलाज. पण सात-आठ वर्षांच्या आत तो जितका गुण देतो तितका पुढे देत नाही. आणि इकडे, मुलीला चष्मा लागला तर स्थळे कशी येतील, ह्या चिंतेने तपासणीच लांबणीवर टाकणारी घरे आमच्यातही आहेत! आमच्या काही मैत्रिणी शेजारणीच्या वहीत पाहून फळा उतरवून घेतात. त्यांना मंदबुद्धी ठरविणे सोपे आहे.

मग डॉक्टर निवडावा कसा? एम. बी. बी. एस. नंतर नेत्ररोगाचे शिक्षण घेतलेला व राज्याच्या वैद्यक परिषदेत नोंदलेला असावा, हे तर झालेच. आमच्या मते खरी कसोटी निराळी आहे. चष्म्याचा नंबर कागदावर लिहून देऊन ‘वाटेल तेथे करून घ्या’ असे जो म्हणतो, मोतीबिंदू दिसताच तारीख न देता आजींना सुई ओवता येते का हे आधी विचारतो, आणि शंका विचारली असता कपाळाला आठी घालीत नाही, तो आपला.

कोणी म्हणेल, अशा डॉक्टरची फी परवडावी कशी? मेहदीपट्टणमला सरोजिनीदेवी हे सरकारी नेत्र रुग्णालय आहे. 1987 साली स्थापन झालेली एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ऐपत नसलेल्यांवर विनामूल्य उपचार करते. 2018 साली तेलंगण सरकारने ‘कंटी वेलुगु’ योजनेखाली गावोगाव तपासणी करून चष्मे वाटले. तेव्हा अडचण नेहमी पैशाचीच असते असे आम्हांस वाटत नाही.

जाताना जुना चष्मा व जुने कागद बरोबर न्यावेत. थेंब घातल्यावर काही तास, मुलांना तर कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, जवळचे अक्षर दिसत नाही; म्हणून परीक्षेच्या आदल्या दिवशी जाऊ नये. शाळा उघडण्यापूर्वीचा आठवडा उत्तम.