गाडीला कोटिंग आणि एक बादली पाणी

नवीन गाडीच्या किमतीची घासाघीस संपली की शोरूममधला सेल्समन हळूच आणखी एक कागद पुढे सरकवतो. सिरॅमिक कोटिंग! धूळ बसणार नाही, ओरखडे पडणार नाहीत, गाडी पाच वर्षं नव्यासारखी. पंचवीस-तीस हजार फक्त. (या 'फक्त'वर एकदा वेगळं लिहायला हवं.)

माझं मत आधीच सांगून टाकतो. कोटिंग ही काही फसवणूक नाही, घरीही ते छान लावता येतं. पण ज्या ओरखड्यांच्या भीतीने लोक पैसे मोजतात, त्यांच्यापुढे ते जवळजवळ निरुपयोगी आहे.

जरा आकडे बघा. पत्र्यावरचा सगळा रंग मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉन, म्हणजे वहीच्या कागदाहून थोडा जाड. त्यातला वरचा पारदर्शक थर ४०-५० मायक्रॉनचा. आणि घरी लावलेलं कोटिंग? सुकल्यावर जेमतेम एखादा मायक्रॉन. बाटलीवर '९एच' छापलेलं असतं, ते वाचून लोकांना हिरा आठवतो. खरं तर ती पेन्सिलीची परीक्षा आहे. ९एचची पेन्सिल ठराविक दाबाने ओढून चरा पडला नाही की पास! आपल्या रस्त्यावरच्या धुळीत मात्र वाळू असते, आणि वाळूचा कण कुठल्याही पेन्सिलीपेक्षा कितीतरी कठीण.

मग लावायचं कशाला? पाणी घरंगळून जातं, चिखल पटकन सुटतो, पक्ष्यांची शिट रंगात मुरायच्या आत पुसायला थोडा जास्त वेळ मिळतो. एवढं मला पुरेसं वाटतं. बाटली दोन-तीन हजारांत येते, बाकी आपली मेहनत.

ही मेहनत म्हणजे नव्वद टक्के तयारी. आमच्या धंद्यात कसं, रिलीज दहा मिनिटांत होतं आणि टेस्टिंगला महिना जातो, तसंच. शनिवारी गाडी धुवायची, मग साबणपाण्यावर क्ले बार फिरवून हाताला खरखरीत लागणारं सगळं काढायचं. जुने चरे असतील तर आधी पॉलिश, नाहीतर तेच चरे कोटिंगखाली राहतात. शेवटी आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून तेलकटपणा घालवायचा. रविवारी सावलीत, पत्रा थंड असताना, हातमोजे घालून एका वेळी दोन फुटांचा चौकोन. इंद्रधनुषी झाक दिसली की स्वच्छ मायक्रोफायबरने पुसून घ्यायचं. इथे चालढकल केली तर डाग तिथेच घट्ट बसतो आणि पुन्हा पॉलिशच करावं लागतं. पुण्यात यासाठी डिसेंबर-जानेवारी उत्तम. एप्रिलच्या उन्हात किंवा जुलैच्या दमट हवेत या भानगडीत पडू नका.

आणि मग सोमवारी पहाटे सोसायटीतला गाड्या पुसणारा येतो. एक बादली, एक फडकं, वीस गाड्या. आठव्या गाडीपर्यंत ते पाणी म्हणजे पातळ सँडपेपर. उन्हात बॉनेटवर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल चरे दिसतात ना, ते बहुतेक असेच येतात, कोटिंग असो वा नसो. त्यात पाणी बोअरचं असेल तर कोटिंगवरचे ते सुंदर थेंब जागच्या जागी वाळून क्षाराचे पांढरे ठिपके सोडतात, ते वेगळंच.

लोक याचा राग त्या पोरावर काढतात. अहो, गाडीमागे महिन्याला काहीशे रुपये देऊन आपण त्याला दुसरी बादली तरी देतो का? आमच्या इमारतीत चौघांनी मिळून त्याला दोन बादल्या, डझनभर मायक्रोफायबर आणि प्रत्येकी दीडशे रुपये जास्त द्यायचं ठरवलं. म्हटलं, रोज कोरडी धूळ पुसत बसू नकोस, आठवड्यातून दोनदा नीट धू. त्याने मान डोलावली.

"तुमच्या चार गाड्यांचं करतो काका. बाकीचे रोज पुसली नाही तर पैसे कापतात."