तबकडीवर न छापलेले नाव

मुंबईत जॅझ वाजणारी एखादी जागा बंद पडली की इंग्रजी वर्तमानपत्रांत हळहळीचे लेख येतात. २०१६ साली लोअर परळचा 'ब्लू फ्रॉग' बंद झाला तेव्हाही आले. अशा लेखांत चर्चगेटचे 'गेलॉर्ड', ॲस्टोरिया हॉटेलातले 'व्हेनिस', ताजमहाल हॉटेलातला नाचाचा दिवाणखाना यांची नावे ठरलेली असतात, आणि सगळी आठवण चर्चगेट ते कुलाबा एवढ्याच पट्ट्यात फिरत राहते. हिंगणघाटच्या वाचकाने ते वाचून 'आपल्याला काय त्याचे?' म्हटले तर त्याला दोष देता येणार नाही. इथे क्लब नाहीत, आणि जिल्ह्यालाच दारूबंदी असल्यामुळे तशा धर्तीचे निघण्याचा संभवही नाही. तरीही या आठवणीत हिंगणघाटचा वाटा आहे, आणि तो मागून घ्यावा असे माझे मत आहे. कारण मुंबईच्या जॅझमधले जे टिकले ते क्लबांत टिकले नाही, हिंदी सिनेमाच्या तबकड्यांवर टिकले. त्या तबकड्या गावोगाव वाजल्या. फक्त वाजवणाऱ्यांची नावे त्यांच्याबरोबर आली नाहीत.

हे कसे घडले ते पाहण्यासारखे आहे. १९३५च्या अखेरीस लिऑन ॲबी हा व्हायोलिनवादक कृष्णवर्णीय अमेरिकी वादकांचा ताफा घेऊन ताजमध्ये आला. त्याच्यामागून क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड यांनी मुंबई गाजवली. त्यांच्याकडून जॅझ उचलले ते मुख्यतः गोव्याच्या तरुणांनी. चर्चच्या शाळांत लहानपणीच स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकल्यामुळे कागदावरचे संगीत वाचणे आणि लिहिणे त्यांच्या हातचा मळ होता. हळदोण्याचा आंतोनिओ झेवियर वाझ 'चिक चॉकलेट' झाला आणि ट्रम्पेटमुळे 'हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग' म्हणून ओळखला जाऊ लागला. पुढे १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा आला. पेल्याच्या आधाराने चालणाऱ्या जागांना त्याचा फटका बसला. दुसरीकडे सिनेमाच्या रेकॉर्डिंगला मोठा वाद्यवृंद लागू लागला होता, आणि वादक तिकडे वळले. जॅझचा विषय निघाला की दारूचा विषय काढणाऱ्यांनी हा क्रम जरूर लक्षात घ्यावा: दारूबंदीनेच जॅझला बैठकीतून उचलून घराघरांत पोचवले.

मराठी वाचकाला याचा पुरावा शोधायला लांब जावे लागत नाही. १९५१चा 'अलबेला' घ्या. नायक आणि दिग्दर्शक भगवान, म्हणजे अमरावतीत जन्मलेले भगवान पालव; संगीतकार पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजे सी. रामचंद्र, आणि त्यांच्या जोडीला चिक चॉकलेट. या चित्रपटातल्या एका गाण्यात चिक आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसतो. १९५७च्या 'आशा'मधले 'ईना मीना डीका' तर रॉक अँड रोलच्या अंगाने जाणारे, आणि त्यात कोंकणी शब्दही सहज मिसळलेले. चाल संगीतकाराची, पण त्या चालीखाली कोणते स्वर एकत्र वाजवायचे, ट्रम्पेट कुठे घुसवायचा, दोन कडव्यांमधली जागा कशी भरायची, हे लिहून काढणारा माणूस वेगळा असे. त्याला अरेंजर म्हणतात. शंकर-जयकिशन यांच्याकडे हे काम सेबॅस्टियन डिसोझा करत. प्यारेलाल यांना व्हायोलिन शिकवणारे अँथनी गोन्साल्विस आज लोकांना माहीत आहेत ते १९७७च्या एका विनोदी गाण्यातले पात्र म्हणून. तबकडीवर गायक, गीतकार, संगीतकार अशी तीन नावे छापली जात. चौथ्यासाठी जागा नसे.

यावर जॅझच्या जाणकारांचा एक आक्षेप ठरलेला आहे: हे जॅझच नव्हे. जॅझचा प्राण ऐनवेळच्या उपजेत असतो आणि इथे तर सारे कागदावर बांधलेले, तेही तीन-साडेतीन मिनिटांत. पहिल्या भागात तथ्य आहे, ते मान्य करायला हवे. सिनेमाच्या गाण्यात वादकाला मोकळे रान मिळत नसे. पण मिनिटांचा मुद्दा टिकत नाही. लुई आर्मस्ट्राँगचे १९२८चे 'वेस्ट एंड ब्लूज' अभिजात मानले जाते, तेही सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते, कारण ७८ फेऱ्यांच्या तबकडीची एक बाजू तेवढीच. अब्दुल करीम खाँसाहेबांनी त्याच मापात राग बसवला म्हणून तो राग नव्हे असे कोणी म्हणत नाही. उपजेची भूक या वादकांनाही होतीच, म्हणून तर त्यातले कित्येक दिवसा स्टुडिओत आणि रात्री हॉटेलात वाजवत. शंकर-जयकिशन यांनी १९६८ साली रईस खाँ यांची सतार आणि जॅझची वाद्ये एकत्र आणून 'रागा जॅझ स्टाइल' ही लाँगप्ले काढली. ती ऐकताना कुठे कुठे सांधा दिसतो, हेही सांगायला हवे. तरी सिनेमाच्या चौकटीबाहेर काय करता आले असते याचा अंदाज तिच्यातून येतो.

दुसरा आक्षेप अधिक आपल्याकडचा आहे. हे साहेबांचे, श्रीमंतांचे संगीत. कापसाच्या भावाची चिंता असलेल्या गावाने त्याचे कौतुक का करावे? ताजच्या गिऱ्हाइकांविषयी हे खरे आहे. जॅझविषयी नाही. या संगीताच्या मुळाशी जे ब्लूज आहे ते मिसिसिपीच्या काठच्या कापूस वेचणाऱ्या कृष्णवर्णीय मजुरांच्या गाण्यातून आले. त्यांचे पूर्वज गुलामीत वेचत होते तो कापूस १८६१ ते १८६५च्या अमेरिकी यादवी युद्धात अडला, आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर हिंगणघाटच्या 'बनी' कापसाकडे वळली. एकाच बाजाराची ही दोन टोके. 'ब्लू फ्रॉग'देखील मथुरादास मिलच्या आवारात होता, हे हळहळीच्या लेखांत पत्त्यापुरते येते.

तिसरी गोष्ट आक्षेप म्हणून कोणी मांडत नाही, पण ती आपल्या सवयीत आहे: परक्या वळणाच्या संगीताला कमी लेखणे. नभोवाणी मंत्री बाळकृष्ण केसकर यांच्या काळात आकाशवाणीने सिनेगीतांना जवळजवळ दार बंद केले, आणि १९५२ पासून श्रोते 'बिनाका गीतमाला'साठी सिलोनकडे वळले. शास्त्रीय संगीतासाठी केसकरांनी केलेले काम मोठे आहे. पण लोकांच्या कानांवर बंदी चालत नाही हे १९५७ साली विविध भारती सुरू करून सरकारनेच मान्य केले. चाल ऐकू द्यायची पण चालीमागचा माणूस नोंदायचा नाही, ही त्याच उपेक्षेची सौम्य आवृत्ती आहे.

नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या इंग्रजी पुस्तकात या माणसांची पुष्कळ माहिती गोळा झाली आहे. ती मराठीत यावी. जुनी गाणी लावणारा निवेदक गायक-गीतकार-संगीतकार सांगतोच. जिथे नक्की माहीत आहे तिथे अरेंजरचे आणि प्रमुख वादकाचे नाव सांगायला त्याला पाच सेकंद पुरतील. जुन्या सिनेगीतांच्या कार्यक्रमांच्या पत्रिकेत एक ओळ वाढेल. आणि वरातीत 'अलबेला'चे गाणे वाजवणाऱ्या बँडच्या ट्रम्पेटवाल्याला कळेल, की आपण फुंकतो आहोत ते हळदोण्याच्या वाझचे वळण आहे.