कुलुपातला वाडा

आमच्या वाचकांपैकी ज्यांचे मूळ गाव माणदेशात आहे, अशा पुष्कळ कुटुंबांत देवघराच्या फडताळात एक जुनी किल्ली पडलेली असते. ती ज्या वाड्याची, त्यात वर्षानुवर्षे दिवा लागलेला नसतो. आटपाडीकडील अशा वाड्यांविषयी या महिन्यात चार शब्द लिहावेत, असे आम्हांस वाटले.

वाडे ओस का पडले, हे सर्वांस ठाऊक आहे. पोटापाण्यासाठी मंडळी पुण्या-मुंबईस गेली. शिवाय १९४८ च्या आरंभी, महात्माजींच्या हत्येनंतर, दक्षिण महाराष्ट्रात ब्राह्मणांची घरे जाळली गेली आणि अनेक घराण्यांनी गाव कायमचे सोडले. माडगुळ्याच्या व्यंकटेश माडगूळकरांनी ‘वावटळ’ कादंबरीत तो काळ चितारला आहे. ती जखम खरी आहे; परंतु कुलूप घातल्याने ती भरत नाही, आणि वाडा तर मुळीच टिकत नाही. तिकडील धाबे मातीचे. पावसाळ्यापूर्वी त्यावर खारी माती पसरून चोपली नाही, तर पाणी मुरते, तुळ्या कुजतात, आणि एके दिवशी माजघरातून आकाश दिसू लागते.

घर वापरानेच जगते. पुण्याचा विश्रामबाग वाडा दुसऱ्या बाजीरावाचा. १८१८ साली पेशवाई बुडाली. १८२१ साली तेथे संस्कृत पाठशाळा भरू लागली. १८७९ च्या आगीत काही भाग जळाला, तो पुन्हा उभारण्यात आला. पुढे तेथे नगरपालिकेचे कामकाज चालले. धनी गेला, तरी वाडा राहिला.

मग आपल्या वाड्याची ओसरी वाचनालयास, माजघर शिवणवर्गास आणि चौक मुलांच्या अभ्यासास व कीर्तनास का देऊ नये? देवघराची खोली कुळाचारासाठी राखून ठेवावी. सर्व भाऊबंदांची लेखी संमती घ्यावी. मुलींचीही घ्यावी, कारण २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत त्यांचा वाटा मुलांइतकाच आहे. विश्वस्त मंडळाची रीतसर नोंदणी करावी. तोंडी दिलेले दान पुढच्या पिढीत भांडण होऊन परत येते.

आणखी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे आम्ही कर्तव्य समजतो. याच आटपाडीत १९२१ साली शंकरराव खरात महार कुटुंबात जन्मले व पुढे मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्या बालपणी अशा वाड्यांचा उंबरठा त्यांच्या समाजास बंद होता. आगीचे स्मरण ठेवणाऱ्याने या बंद दाराचेही स्मरण ठेवावे. म्हणून वाडा उघडायचा तर सर्वांस, आणि विश्वस्तांतही गावातील सर्व वस्त्यांची माणसे हवीत.

आटपाडीजवळच औंध संस्थानाने १९३९ साली स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली. ज्या भूमीने शिक्षा झालेल्यांवर विश्वास टाकला, त्या भूमीत आपण आपल्या शेजाऱ्यांवर विश्वास टाकू नये काय? घरातील वडीलधाऱ्यांनी येत्या सुटीत ती किल्ली फडताळातून काढावी, आणि लेकीसुनांसह, नातवंडांसह एकदा गावी जाऊन यावे, एवढीच आमची विनंती आहे.