दोरीचे दुसरे टोक

गेल्या हिवाळ्यात एम.ए.च्या वर्गात साहित्यातील प्राणिसृष्टी हा विषय चालू असताना मी विद्यार्थ्यांना पाच मिनिटांचे एक चित्रण दाखवले. आमची एक माजी विद्यार्थिनी एडिंबरोला असते, तिने ते पाठवले होते. स्कॉटलंडमधल्या एका जंगलातली, आसपासच्या गावांपुरती भरलेली शर्यत. बर्फाचा मागमूस नाही, नुसती चिखलाची वाट. धावणाऱ्या माणसाच्या कमरेला रुंद पट्टा, पट्ट्याला सुमारे दोन मीटरची लवचीक दोरी आणि दोरीच्या दुसऱ्या टोकाला छातीवर साज चढवलेला कुत्रा. कुत्रा ओढतो आहे आणि माणूस त्याच्या मागे धावतो आहे. चित्रण संपताच एक विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, हा मुक्या प्राण्याचा छळ आहे." मागच्या बाकावरचा जुन्नरकडचा एक मुलगा म्हणाला, "मुका कुठे आहे? त्याने तर ओरडून रान डोक्यावर घेतले आहे."

वर्ग हसला, तास संपला. पण माझ्या दृष्टीने विषयाला खरी सुरुवात तिथे झाली.

या शर्यतींना 'ड्रायलँड' म्हणतात. उत्तरेकडील बर्फाळ प्रदेशांत कुत्र्यांनी घसरगाडी ओढणे ही एके काळी दळणवळणाची गरज होती. १९२५ साली अलास्कातील नोम या गावात घटसर्पाची साथ आली, तेव्हा प्रतिविष पोहोचले ते कुत्र्यांच्या गाड्यांवरूनच. पुढे गरज संपली आणि खेळ उरला. बर्फ नसलेल्या महिन्यांत सराव म्हणून चाकांची गाडी, सायकल किंवा नुसता धावणारा माणूस दोरीला जोडला जाऊ लागला आणि त्याचाच स्वतंत्र खेळ झाला. माणूस पायी असेल तर 'कॅनिक्रॉस', सायकलवर असेल तर 'बाइकजोरिंग'. स्कॉटलंडमध्येच अ‍ॅव्हिमोर गावाजवळ १९८४ पासून भरणारी मोठी शर्यत बर्फाच्या भरवशावर सुरू झाली, पण बर्फ नसेल त्या वर्षी तिथेही हस्की कुत्रे चाकांच्या गाड्या ओढतात.

साहित्याच्या अभ्यासकाने या खेळातील तीन गोष्टी लक्षपूर्वक पाहाव्यात असे मला वाटते. पहिली गोष्ट अशी, की येथे लगाम नाही आणि वेसणही नाही. कुत्र्याला वळवायचे ते फक्त शब्दाने. 'जी' म्हणजे उजवीकडे, 'हॉ' म्हणजे डावीकडे. हे शब्द मुळात कुत्र्यांचे नाहीत. इंग्रजी मुलखातले शेतकरी नांगराच्या आणि गाडीच्या जनावरांना हाकताना ते वापरत. बैलांची भाषा कुत्र्यांकडे आली, वेसण मात्र आली नाही. दुसरी गोष्ट नियमाची. कॅनिक्रॉसमध्ये माणसाने पुढे होऊन कुत्र्याला ओढत नेणे हा नियमभंग समजला जातो. कुत्रा मुख्यतः धापेने अंगातील उष्णता बाहेर टाकतो, म्हणून हवा उष्ण वा दमट असेल तर जबाबदार आयोजक अंतर कमी करतात किंवा शर्यत रद्द करतात. तिसरी गोष्ट त्या मुलाने टिपलेली. सुरुवातीच्या रेषेवर कुत्रे जिवाच्या आकांताने भुंकतात आणि दोरी ताणली जाऊन धाव सुरू झाली की एकदम गप्प होतात. भुंकणे आणि ते गप्प होणे, दोन्हींना अर्थ आहे.

आपण मात्र प्राण्याला 'मुका' म्हणून मोकळे होतो. या विशेषणात करुणा आहे हे खरे, पण त्यात एक सोयही आहे. जो मुका आहे त्याच्या वतीने आपणच बोलायचे असते. आपली समीक्षाही यापेक्षा फार वेगळे करत नाही. उत्तरपत्रिकांत बैल म्हणजे कष्ट, कुत्रा म्हणजे निष्ठा, अशी समीकरणे वर्षानुवर्षे वाचत आले आहे. आणि ती आम्हीच शिकवलेली आहेत! महाप्रस्थानाच्या वाटेवर युधिष्ठिरामागून चालणारा कुत्रा अखेरीस धर्म ठरतो, म्हणजे कुत्रा राहतच नाही. याउलट नामदेवांची आख्यायिका पाहा. कुत्र्याने पोळी पळवली आणि नामदेव तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. या कथेचे तात्पर्य आपण सर्वांभूती परमेश्वर असे सांगतो आणि थांबतो. पण कुत्रा पुढे आणि माणूस मागे, ही त्या कथेतील साधी शारीर रचना आपण कधी वाचली आहे काय?

अर्थात, ही शर्यत म्हणजे आदर्श, असा माझा दावा नाही. कुत्र्याला ओढणे 'आवडते' असे सांगणाऱ्यांना विचारले पाहिजे की ही आवड आली कोठून. पिढ्यानुपिढ्या निवड करून माणसानेच ती पैदा केली आहे. जॅक लंडनच्या १९०३ मधील 'द कॉल ऑफ द वाइल्ड' या कादंबरीत डेव्ह नावाचा कुत्रा आजारी पडतो, पण साज उतरवलेला त्याला सोसत नाही. मरणाच्या दारातही तो आपली जागा मागतो. ही निष्ठा की घडवणूक, याचा निर्णय सोपा नाही. म्हणूनच केवळ धावण्याचा उत्साह हा संमतीचा पुरावा मानता येत नाही. नकार देता येतो का, आणि दिलेला नकार ऐकला जातो का, हाच खरा निकष आहे.

हा निकष घेऊन आपल्या अंगणात यावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने ७ मे २०१४ रोजी बैलगाडा शर्यतींना मनाई केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायद्यात दुरुस्ती केली, डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना सशर्त परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तो कायदा वैध ठरवला. या नऊ वर्षांत आपल्याकडे जी चर्चा झाली तिच्यात परंपरा होती, अस्मिता होती, ग्रामीण अर्थकारण होते, क्रौर्यही होते. बैल मात्र बहुतेक वेळा या ना त्या पक्षाचा पुरावा म्हणूनच आला. मी शर्यतीच्या बाजूने किंवा विरुद्ध कौल द्यायला येथे बसलेली नाही. माझा आक्षेप आपल्या वाचनावर आहे. ज्या समाजाच्या भाषेत बैलपोळ्याचा एवढा गौरव आहे, त्या समाजाच्या समीक्षेला बैलाचा नकार वाचता येऊ नये, हे मला खटकते.

पुढच्या तासाला मी त्या जुन्नरच्या मुलाला मुद्दाम विचारले, "धावायचे नाही हे बैल कसे सांगतो?"

तो म्हणाला, "बसतो, मॅडम. जुवाखालीच बसतो."

"मग?"

तो थोडा घुटमळला. "मग शेपूट पिरगाळतात. आता काठीला, शॉकला बंदी आहे. पण बसलेला बैल उठवायचा असतोच ना."

त्याच्या घरी बैल आहेत आणि त्यांच्यावर त्याचा जीव आहे, हे मला ठाऊक आहे. तो खोटे बोलला नाही आणि त्याने समर्थनही केले नाही. 'बैल बसला' हा प्रयोग आपण काम रखडले, आळस आला अशा अर्थाने सहज वापरतो. तो जनावराने दिलेला नकार आहे, हे मराठी शिकवण्यात वीस वर्षे घालवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. यंदा साहित्यातील प्राणिसृष्टीचा पहिला तास मी याच दोन शब्दांपासून सुरू करणार आहे.