नवीकोरी रोड बाईक, तरीही स्पोक का तुटतात? दोष तुमच्या वजनाचा की चाकाच्या बांधणीचा?

जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूर झाली. पुणे जिल्ह्यातले घाट, ४३७ किलोमीटरचं अंतर आणि रस्त्यावर उतरलेले जगभरातले सायकलपटू. ते रील्स आपल्या सगळ्यांच्या फीडमध्ये येऊन गेले. त्यानंतर 'आपणही एक रोड बाईक घ्यावी का?' हा विचार अनेकांच्या मनात डोकावला असेल.

रोड बाईक म्हणजे बारीक टायरची, खाली वळलेल्या हँडलची, वजनाला हलकी सायकल. ती घेतल्यावर बऱ्याच जणांना काही महिन्यांतच एक अनुभव येतो. चढावर 'टक्' असा आवाज येतो, चाक डुलायला लागतं आणि रिम ब्रेकला घासते. खाली बघावं तर मागच्या चाकाचा एक स्पोक तुटलेला.

दुकानात नेल्यावर ठरलेलं उत्तर मिळतं, "खड्ड्यात घातली असेल" किंवा "तुमचं वजन जास्त आहे". पण खरं कारण अनेकदा वेगळंच असतं.

स्पोक नेमकं काय काम करतो?

स्पोक म्हणजे चाकाची तार. दोन-तीन मिलिमीटरपेक्षाही बारीक असलेली ही तार माणसाचं वजन पेलते कशी? तर ती ताणलेली असते म्हणून. चाक बांधताना प्रत्येक तार निपल फिरवून घट्ट ताणली जाते. रोड बाईकच्या मागच्या चाकात चेनच्या बाजूच्या तारांवर साधारण १०० ते १२० किलोचा ताण असतो.

तुम्ही सायकलवर बसलात की जमिनीजवळच्या मोजक्या तारांवरचा ताण कमी होतो. बाकीच्या तारांना फारसा फरक पडत नाही. चाक फिरतं, दुसऱ्या तारा खाली येतात, त्यांचा ताण उतरतो आणि वर गेल्यावर पुन्हा चढतो.

रोड बाईकचं चाक एका किलोमीटरमध्ये साधारण ४७५ वेळा फिरतं. म्हणजे १०० किलोमीटरच्या एका राईडमध्ये प्रत्येक तारेचा ताण सुमारे ४७ हजार वेळा उतरतो आणि चढतो.

मग बिघडतं कुठे?

तारा नीट ताणलेल्या असतील तर खाली आल्यावरही त्यांच्यात पुरेसा ताण शिल्लक राहतो. पण मुळातच कमी ताणलेली तार खाली आली की पूर्ण सैल पडते. सैल पडली की रस्त्याच्या हादऱ्यांनी तिचा निपल हळूहळू उलटा फिरतो. मग ती आणखी सैल होते, तिचा भार शेजारच्या तारांवर जातो आणि त्याही थकतात.

शेवटी तार तुटते ती बहुतेक वेळा हबजवळ, जिथे तिला वाक दिलेला असतो तिथे. तारेचा तुकडा वाकवत-सरळ करत राहिलो की तो तुटतो, तसंच हे. चाकाच्या तारा जास्त घट्ट असल्यामुळे तुटण्यापेक्षा सैल असल्यामुळे तुटण्याची शक्यता जास्त असते.

मागच्या चाकाला हा त्रास अधिक. तिथे गिअरच्या चकत्यांना जागा द्यावी लागते, त्यामुळे दोन्ही बाजूंचा ताण सारखा ठेवता येत नाही. डाव्या बाजूला तो अनेकदा उजवीच्या निम्म्यावर असतो. साहजिकच डाव्या तारा आधी सैल पडतात.

आजोबांच्या सायकलला हे का होत नव्हतं?

जुन्या काळ्या सायकलच्या पुढच्या चाकाला ३२ आणि मागच्या चाकाला ४० तारा असायच्या. एखादी तुटली तरी काम चालायचं. आजच्या रोड बाईकला अनेकदा २० ते २८ तारा असतात. वजन कमी झालं, पण प्रत्येक तारेची जबाबदारी वाढली. अशा चाकात बांधणीतली चूक लपत नाही.

कारखान्यात काय राहून जातं?

स्वस्त आणि मध्यम किमतीच्या सायकलींची चाकं सहसा यंत्रावर बांधली जातात. यंत्र चाक सरळ करतं. पण सरळ फिरणारं चाक नीट बांधलेलं असेलच असं नाही. एक तार जास्त घट्ट आणि शेजारची ढिली ठेवूनही चाक सरळ दिसू शकतं.

चांगला कारागीर आणखी दोन गोष्टी करतो. निपल फिरवताना तारेला पडलेला पीळ तो सोडवतो आणि तारा जोड्याजोड्यांनी जोरात दाबून हबमध्ये नीट बसवतो. याला वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे खर्च. हे राहून गेलं तर तो पीळ तुमच्या पहिल्या राईडमध्ये 'टिंग टिंग' करत सुटतो आणि चाक आऊट होतं.

त्यात ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून येते. हँडल-पेडल बसवलं की झालं! तारा तपासायच्या कोणी?

तुम्ही काय करू शकता?

- एकाच बाजूच्या तारा बोटाने छेडून बघा. आवाज साधारण सारखा यायला हवा. मागच्या चाकात डाव्या बाजूचा आवाज उजवीपेक्षा जाड येणं नॉर्मल आहे.
- सायकल घेताना 'आऊट काढलाय का?' एवढंच विचारू नका. टेन्शन मीटरने ताण मोजून आकडे बिलावर लिहून मागा.
- पहिल्या १५०-२०० किलोमीटरनंतर चाकं पुन्हा तपासून घ्या.
- वाटेत तार तुटली तर ती शेजारच्या तारेला गुंडाळा, घासत असेल तर रिम ब्रेक सैल करा आणि हळू घरी या. घाट उतरायचा असेल तर सरळ टेम्पो बघा.
- एकामागून एक तारा तुटत असतील तर एकेक बदलत बसू नका. बाकीच्याही थकलेल्या असतात. नव्या तारा घालून पूर्ण चाक बांधून घ्या.

दुकानदाराने हात वर केले तर?

बिल, तुटलेल्या तारेचे फोटो आणि सर्व्हिसच्या तारखा जपून ठेवा. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार सदोष वस्तूमुळे इजा झाली तर उत्पादक आणि विक्रेत्याकडे भरपाई मागता येते. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे १९१५.

मोठ्या शर्यतीत सायकलपटूच्या मागून गाडी येते. तिच्यात मेकॅनिक असतो, जादा चाकं असतात. बिघाड झाला की चाक बदलून तो पुढे निघतो. आपल्यामागे घाटात येतो तो एसटी नाहीतर ट्रक. म्हणून 'वजन कमी करा' असं कोणी सांगितलं तर आधी विचारा, तारांचा ताण मोजला होता का?