गडावर निघालात? आधी पिशवी दाखवा!

रविवारी पहाटे, अजून पुरते उजाडलेलेही नसते, तोच पनवेलच्या रेल्वे स्थानकाबाहेर आणि बसस्थानकावर एक निराळीच यात्रा भरते. मुंबई, ठाणे, नवी मुंबई अशा चहूकडून तरुण मंडळी येथे उतरतात. कुणाला कर्नाळ्याला जायचे असते, कुणाला माणिकगडाला, तर बहुतेकांची पावले शेडुंग फाट्यावरून ठाकूरवाडीकडे आणि तेथून प्रबळमाचीमार्गे कलावंतीणीच्या सुळक्याकडे वळतात. ही गर्दी पाहून आम्हांला मनापासून आनंद होतो. सहा दिवस लोकलच्या डब्यात आणि कचेरीच्या खुर्चीत अंग आखडून घेणारा तरुण सातव्या दिवशी डोंगर चढायला निघतो, ही समाजाच्या प्रकृतीची सुचिन्हेच होत. परंतु याच मंडळींच्या पाठीकडे नजर गेली की आमचा आनंद ओसरतो. पाठीवर पिशवी नसते. असलीच तर तिच्यात पाण्याची एक बाटली, बटाट्याच्या वेफर्सची दोन पुडकी आणि मोबाइल भरण्याची पेटी, एवढाच ऐवज!

आमच्या वाडवडिलांना असे सुचलेही नसते. पाच कोसांवरच्या गावाला निघालेला माणूस शिदोरी बांधल्याशिवाय उंबरा ओलांडीत नसे. घाटावरचा धनगर आजही रानात निघतो तो खांद्यावर घोंगडी आणि हातात काठी घेऊनच. ती घोंगडी पावसात छत्री होते, थंडीत पांघरूण होते आणि वेळप्रसंगी दुखावलेल्या माणसाला उचलण्याची झोळीही होते. अमेरिकेतील सिएटल शहराच्या 'माउंटेनियर्स' या गिर्यारोहण संस्थेने 1930 च्या दशकात डोंगरावर न्यावयाच्या दहा आवश्यक वस्तूंची यादी केली आणि ती पुढे जगभर प्रमाण मानली गेली. त्या यादीचा गाभा आमच्या धनगराला यादीवाचून ठाऊक होता. तो विसर पडला आहे तो शिकल्यासवरल्या शहरवासीयांना!

'एका दिवसाचा तर प्रश्न. संध्याकाळी घरी परत!' असे यावर उत्तर मिळते. नेमकी येथेच चूक होते. अनेक दिवसांच्या मोहिमेवर जाणारा तयारीने जातो. फसतो तो एका दिवसाचा प्रवासी. पाय मुरगळायला किती वेळ लागतो? एक क्षण. मुरगळलेल्या पायाने कलावंतीणीच्या कातळात खोदलेल्या, कठडा नसलेल्या उभ्या पायऱ्या उतरायला किती वेळ लागेल, याचा हिशेब कुणी केला आहे काय? डिसेंबरात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि दरीत अंधार त्याच्याही आधी उतरतो. दुपारी चार वाजता झालेली लहानशी दुखापत सात वाजता संकट बनते, आणि त्या वेळी मोबाइलचा दिवा हाच एकमेव प्रकाश असेल तर मदत मागण्याचे एकमेव साधनही त्याच दिव्याबरोबर विझत जाते.

डोंगर दूरच राहो. सपाट भूमीवर ऊन काय करू शकते, हे पनवेलकरांनी डोळ्यांनी पाहिले आहे. 16 एप्रिल 2023 रोजी आपल्याच खारघरच्या मैदानावर महाराष्ट्रभूषण पुरस्काराचा सोहळा झाला आणि उष्माघाताने चौदा जणांचा बळी घेतला. तेथे शहर हाकेवर होते. प्रबळमाचीच्या वर, तापलेल्या कातळावर, बाटली रिकामी झालेली असताना ज्याला भोवळ येते त्याच्यासाठी कोणती गाडी येणार आहे? तहान लागल्यावर विहीर खणण्याची म्हण आपण सारेच जाणतो. गडावर तर खणायलाही माती नसते.

म्हणून एका दिवसाच्या पिशवीत काय असावे, हे आम्ही येथे स्पष्टच सांगतो. माणशी तीन लिटर पाणी. उन्हाळ्यात त्याहून कमी नव्हेच. मीठसाखरेच्या पाण्यासाठी क्षारांच्या पुड्या. त्या नसतील तर घरून पुडी बांधून न्यावी, एक लिटर पाण्यास सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. भाकरी, गूळ, शेंगदाणे, खजूर असे पोटाला आधार देणारे खाणे, तेही एका जेवणापुरते अधिक. मोबाइलवर विसंबून न राहता वेगळी विजेरी आणि तिचे जादा सेल. एक शिट्टी: एका मिनिटात सहा वेळा वाजवावी, मिनिटभर थांबावे, पुन्हा वाजवावी, संकटाची ही खूण जगभर ओळखली जाते आणि ओरडून घसा बसलेल्या माणसाचीही शिट्टी दरीपलीकडे ऐकू जाते. जखम बांधण्याच्या पट्ट्या, क्रेप बँडेज, जंतुनाशक औषध आणि ज्याची त्याची नेहमीची औषधे. पावसाळी अंगरखा, कोरडा सदरा, काडेपेटी, लहान चाकू. नाव, रक्तगट आणि घरचा दूरध्वनी लिहिलेली चिठ्ठी. आणि जिला काहीच वजन नाही अशी शेवटची वस्तू, ती पिशवीत न ठेवता घरी ठेवावयाची: कोणत्या गडावर, कोणाबरोबर, कोणत्या वाटेने जात आहोत आणि किती वाजता परतणार, हे लिहिलेला कागद. या साऱ्याला फार पैसा लागत नाही. अनेकांच्या पायांतील बुटांची किंमत याहून कितीतरी जास्त असते.

दोर मात्र आम्ही या यादीत मुद्दामच घातलेला नाही. ज्याला गाठ मारता येत नाही त्याच्या हातातला दोर खोटा धीर तेवढा देतो. फुरसे किंवा घोणस चावल्यास जखम कापणे, चोखणे, करकचून बांधणे हे सारे अघोरी उपायही पिशवीबाहेरच ठेवावेत. चावलेला अवयव न हलवता माणसाला उचलून रुग्णालयात पोचवणे हाच उपाय. कर्नाळ्याच्या अंगठ्यासारख्या सुळक्याला आग्या मोहोळे लगडलेली असतात. तेथे उग्र अत्तर, धूर आणि आरडाओरडा नेऊ नये, हेही तयारीतच येते.

आणि एवढी पिशवी भरूनही अक्कल घरी ठेवली तर व्यर्थ आहे. ऑगस्ट 2019 मध्ये खारघरच्या पांडवकड्याच्या प्रवाहात चार विद्यार्थिनी वाहून गेल्या. चढत्या पाण्यापुढे शिट्टी चालत नाही की विजेरी चालत नाही. तेथे माघारी फिरण्याचे धैर्यच कामी येते. पिशवी ही साहसाची हमी नव्हे. ती चुकीनंतर मिळणारी थोडी सवड आहे, इतकेच.

आता आमचा मूळ मुद्दा. 'जीव आमचा, जोखीम आमची; तुम्हांला काय करायचे?' असे विचारणाऱ्या सज्ञान नागरिकाला आम्ही इर्शाळगडाची आठवण करून देऊ इच्छितो. 19 जुलै 2023 च्या रात्री त्या गडाखालील इर्शाळवाडीवर दरड कोसळली. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 जणांचा पत्ता अखेरपर्यंत लागला नाही. त्या वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता; यंत्रे खाली राहिली आणि माणसे कुदळी-फावडी घेऊन पावसात वर चढली. त्या चढणीवर नवी मुंबईच्या अग्निशमन दलातील एका अधिकाऱ्याचे हृदयविकाराने निधन झाले. ते संकट निसर्गाचे होते. वाडीतल्या ठाकरांचा त्यात कोणताच अपराध नव्हता. परंतु सह्याद्रीत मदतीला धावणे म्हणजे काय असते, हे त्या रात्रीने दाखवून दिले. वर अडकलेल्या प्रत्येक बेफिकीर पर्यटकासाठी कुणीतरी अंधारात तीच चढण चढतो. तो कुणी खोपोली-पनवेलच्या गिर्यारोहक संस्थेचा बिनपगारी कार्यकर्ता असतो, कुणी माचीवरचा ठाकर असतो. त्यालाही आई असते. तेव्हा जोखीम 'आमची' असते हे खरे नव्हे. अर्धी जोखीम परक्याच्या गळ्यात आपण न विचारता बांधलेली असते.

सरकारचा यावरचा उपाय ठरलेला आहे: पावसाळा आला की बंदीचा हुकूम! बंदी काढायला कागद पुरतो. पाळायला लावण्यास माणसे लागतात, ती नसतात. मग आडवाटेने लोक चढतात आणि अपघात झाला की तो लपवावासा वाटतो. आम्हांला याहून सोपा मार्ग दिसतो. कर्नाळा अभयारण्याच्या दारावर वनखात्याची माणसे पर्यटकांच्या पिशव्या उघडून प्लास्टिकच्या वस्तू मोजतात, त्यांबद्दल अनामत घेतात. उत्तम प्रथा आहे! पण ज्या हाताने बाटल्या मोजायच्या त्याच हाताने 'विजेरी आहे काय? शिट्टी आहे काय? पाणी पुरेसे आहे काय?' एवढे विचारायला कोणता नवा कायदा हवा? काही गडांच्या पायथ्याशी नावनोंदणी आणि प्रवेशशुल्क आहे. पण ती नोंदवही माणसाचे नाव विचारते, परतण्याची वेळ विचारत नाही. संध्याकाळी किती उतरले, हे वहीत पाहून कळले पाहिजे. न उतरलेल्यांची चौकशी रात्री घरच्यांचा फोन येण्याआधी सुरू झाली पाहिजे.

ज्याच्यापाशी या वस्तू नाहीत त्याला हाकलून द्यावे असे आम्ही म्हणत नाही. पायथ्याच्या वाडीतील तरुणांकडून विजेरी, शिट्टी, औषधांची पेटी दिवसभराच्या भाड्याने मिळावी. ज्यांच्या अंगणातून आपण गडावर जातो त्यांच्या पदरात त्यामुळे चार पैसेही पडतील. या तपासणीचे चिरीमिरीचे नवे कुरण होईल, ही शंका आम्हांलाही येते. म्हणूनच यादी चार वस्तूंचीच असावी, ती मराठीत मोठ्या फलकावर रंगवावी, भाडे तेथेच लिहावे आणि देखरेख ग्रामपंचायत, वनखाते व गिर्यारोहक संस्था यांच्या एकत्र समितीकडे असावी.

1665 च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांना जे तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता, प्रबळगड होता, माणिकगडही होता. तेच किल्ले आज कुणालाही मोकळे आहेत. ते मोकळेच राहावेत असे आम्हांला वाटते. वनखात्याने आणि जिल्हा प्रशासनाने येत्या पावसाळ्यापूर्वी ही व्यवस्था निदान कर्नाळा आणि ठाकूरवाडी या दोन ठिकाणी सुरू करावी. आणि आमच्या वाचकांनी तरी त्या फलकाची वाट पाहू नये. या शनिवारी रात्री, निजण्यापूर्वी, घरातल्या तरुण मुलामुलींना एवढेच विचारावे: 'उद्या गडावर निघालात ना? मग पिशवी दाखवा पाहू!'